‘फरक स्पष्ट करा’च्या तक्त्यात न मावणारी चित्रं

परीक्षा जवळ आल्या की कलाशाखेच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक तक्ता हमखास फिरतो. मधोमध उभी रेघ, युरोपीय चित्रकलेतले दोन प्रवाह: डावीकडे ‘नव-अभिजाततावाद’ (निओक्लासिसिझम), उजवीकडे ‘स्वच्छंदतावाद’ (रोमँटिसिझम). डावीकडे बुद्धी, उजवीकडे भावना. डावीकडे रेषा, उजवीकडे रंग. डावीकडे राजदरबार, उजवीकडे क्रांती. डावीकडे ग्रीस-रोम, उजवीकडे मध्ययुग आणि निसर्ग. काळ अनुक्रमे १७५० ते १८०० आणि १८०० ते १८५०. तळाशी ठळक अक्षरांत निष्कर्ष: ‘पहिल्याविरुद्ध बंड म्हणून दुसरा जन्माला आला.’

चार गुणांच्या प्रश्नाला तक्ता उत्तम आहे, पण तो घेऊन चित्रांसमोर उभं राहिलं की एकेक ओळ गळायला लागते.

काळाची ओळ तपासायला सगळ्यात सोपी, म्हणून आधी तीच घेऊ. झोपेत मान लटकलेली बाई, तिच्या छातीवर ठाण मांडून बसलेला पिशाच्चासारखा प्राणी, पडद्यातून डोकावणारं पांढऱ्या डोळ्यांचं घोड्याचं मुंडकं. फुसेलीचं ‘नाइटमेअर’ हे चित्र १७८१चं. स्वच्छंदतावादाचा नमुना म्हणून ते सगळीकडे छापतात. नव-अभिजाततावादाचा नमुना म्हणून जे छापतात, ते फ्रेंच चित्रकार दाव्हिदचं ‘होराशियांची शपथ’ १७८४चं. म्हणजे बंड तीन वर्षं आधी झालं! नव-अभिजात विचार त्याच्याही बराच आधीचा आहे हे मान्य. ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या रोमन शहरांपैकी १७३८ला हर्क्युलेनियम आणि १७४८ला पॉम्पेईचं उत्खनन सुरू झालं, आणि १७५५मध्ये जर्मन कला-इतिहासकार विंकेलमानने ग्रीक कलेतल्या ‘उदात्त साधेपणा आणि शांत भव्यते’चा मंत्र दिला. पण विंकेलमानचं हे लिखाण १७६५मध्ये इंग्रजीत आणलं कोणी? याच फुसेलीने. त्याला आता कोणत्या रकान्यात बसवायचं?

दुसरं टोकही बघा. रोमँटिकांचा म्होरक्या देलाक्र्वा १८६३मध्ये गेला. त्याचा कडवा अभिजात प्रतिस्पर्धी आंग्र त्याच्याहून अठरा वर्षांनी मोठा, तरी १८६७पर्यंत होता आणि ऐंशी ओलांडल्यावरही चित्रं काढत होता. डावा रकाना उजव्याला पुरून उरला.

आता बुद्धी आणि भावना. तक्त्याची ही सगळ्यात लाडकी ओळ, आणि सगळ्यात चुकीचीही. ‘होराशियांची शपथ’ नीट बघा. मागे तीन कमानी. डाव्या कमानीसमोर तीन भाऊ हात पुढे करून उभे, मधल्या कमानीसमोर तीन तलवारी उंचावलेला बाप. रोम आणि शेजारचं आल्बा शहर यांचं भांडण प्रत्येकी तिघांच्या झुंजीने मिटवायचं ठरलंय, त्याची ही शपथ. इथवर सगळं ताठ, कोनात कापलेलं, तक्त्याला साजेसं. पण चित्राचा उजवा भाग? तिथे बायका कोसळून बसल्यात. एक होराशियांची बहीण कामिला, तिचं लग्न समोरच्या तिघांपैकी एकाशी ठरलेलं. दुसरी साबिना, होराशियांच्या घरची सून आणि शत्रुपक्षाची बहीण. कोणीही जिंको, या दोघींच्या घरात प्रेत येणारच. त्यांच्या मागे एक बाई दोन लेकरांना कवेत घेऊन बसली आहे, आणि त्यातला मोठा मुलगा तिच्या बोटांआडून तलवारींकडे टक लावून बघतो आहे. पुढच्या युद्धाची भरती तिथेच चालू झालीय. एका चित्रात एवढं भरून ठेवणाऱ्या माणसाला ‘भावनाशून्य’ म्हणायचं तर शब्दालाच अर्थ उरत नाही.

आणि ‘माराचा मृत्यू’, १७९३. आंघोळीच्या टबात खून झालेला क्रांतीतला नेता मारा, लोंबता हात, दुसऱ्या हातात खुनी बाईचंच पत्र. चित्राचा वरचा जवळजवळ अर्धा भाग दाव्हिदने नुसता अंधारा, रिकामा सोडलाय. माराला त्वचेचा भयंकर विकार होता, म्हणून तर तो टबात बसून काम करायचा. चित्रात मात्र त्याची कातडी संगमरवरासारखी नितळ. शेजारच्या लाकडी खोक्यावर दोनच नावं: ‘माराला, दाव्हिद’. हा शोक आहे, आणि सोबत उघड उघड राजकीय प्रचारही. त्यात थंड काही नाही.

राजदरबार आणि क्रांतीची ओळ इथेच निकालात निघते. ‘होराशिया’ सोळाव्या लुईच्या सरकारने मागवलेलं चित्र, हे खरं. पण त्याच लुईच्या मृत्युदंडाच्या बाजूने पुढे ज्यांनी मत दिलं, त्यांत दाव्हिद होता. फ्रेंच क्रांतीला स्वतःचं रूप हवं होतं तेव्हा तिने ते प्राचीन रोमकडून उसनं आणलं. उत्सवांचे देखावे आखायलाही दाव्हिदच होता. उलट तक्त्यातला ‘क्रांतिकारक’ देलाक्र्वा: १८२४मधलं त्याचं ‘किऑसची कत्तल’ (किऑस हे ग्रीक बेट) हे चित्र बूर्बाँ राजघराण्याच्या सरकारनेच सहा हजार फ्रँकना विकत घेतलं. १८३०च्या ‘लोकांचं नेतृत्व करणारी स्वातंत्र्यदेवता’मधल्या देवतेचा चेहरा ग्रीक नाण्यावरून उचलल्यासारखा, आणि डोक्यावरची टोपी मुक्त गुलामांची म्हणून क्रांतीने डोक्यावर घेतलेली. बॅरिकेडवर चढली आहे ती मुळात एक अभिजात मूर्ती.

रेषा आणि रंगाबद्दल फार लिहायला नको. दोन रोमँटिक चित्रकार बघितले तरी पुरे. जर्मनीचा फ्रीड्रिख धुकं, समुद्र, एकटा माणूस असं सगळं रंगवतो, पण इतक्या गुळगुळीत, मोजूनमापून, की ब्रशचा फटकारा शोधून सापडत नाही. इंग्लंडचा ब्लेक तर ठाम सांगायचा की बाह्यरेषा जितकी धारदार, तितकी कलाकृती श्रेष्ठ. रुबेन्सच्या रंगाळ चित्रांवर त्याचा राग होता. आणि रेषेचा भक्त आंग्र? त्याच्या १८१४च्या ‘ग्राँद ओदालिस्क’मधल्या पहुडलेल्या बाईची पाठ इतकी लांब आहे की टीकाकारांनी तिचे जास्तीचे मणके मोजले. ती रेषा शरीरशास्त्राचं ऐकत नाही, फक्त स्वतःच्या वळणाचं ऐकते. ही शिस्त म्हणायची की मस्ती?

ग्रीस-रोम विरुद्ध मध्ययुग ही ओळ नेपोलियननेच खोडून ठेवलीय. ओसियन नावाच्या स्कॉटिश कवीची म्हणून जी काव्यं १७६०च्या दशकात प्रसिद्ध झाली, त्यांचं त्याला वेड होतं. धुक्यात भटकणारे मृत वीर, वीणा, चांदणं, म्हणजे उजव्या रकान्याचा सगळा ऐवज. त्यावरची चित्रं त्याच्या महालांसाठी कोणी काढली? झिरोदेने आणि आंग्रने. दोघेही दाव्हिदचे शिष्य.

तळाच्या ठळक निष्कर्षाची गोम इथेच आहे. बंड म्हटलं की बाहेरून आलेली माणसं डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात ती घरातलीच होती. झेरिको आणि देलाक्र्वा दोघेही गेरँच्या स्टुडिओत शिकले, आणि गेरँ पक्का अभिजात. दाव्हिदचा आवडता शिष्य ग्रो याने १८०४मध्ये जाफाचे प्लेगचे रोगी असे रंगवले की देलाक्र्वा त्याला आयुष्यभर मानत राहिला. त्याच ग्रोने देलाक्र्वाच्या ‘किऑस’ला ‘चित्रकलेचीच कत्तल’ म्हटल्याचं सांगतात. घरातली भांडणं अशीच असतात. स्वतः देलाक्र्वाला कोणीतरी ‘चित्रकलेतला व्हिक्टर ह्यूगो’ (ह्यूगो म्हणजे रोमँटिक लेखकांचा म्होरक्या) म्हणून गौरवलं, तेव्हा तो तुटकपणे म्हणाला की चुकताय तुम्ही, मी शुद्ध अभिजात आहे, अशीही आठवण सांगितली जाते.

आपल्याकडे शब्दांनीही घोळ वाढवलाय. ‘रोमँटिक’ म्हटलं की मरीन ड्राइव्ह, पाऊस आणि दोघांत एक छत्री. ‘स्वच्छंद’ म्हटलं की मन मानेल तसं वागणारा. यातलं काहीच देलाक्र्वाला लागू पडत नाही. १८५३मध्ये पूसँ या चित्रकारावर, म्हणजे अभिजातांच्या दैवतावर, निबंध लिहिणारा माणूस होता तो.

मग तक्ता आला कुठून? पॅरिसहून, १८२०च्या दशकातून. १८२७ साली आंग्रने लूव्रच्या छतासाठी होमरला देवत्व देणारं चित्र केलं आणि देलाक्र्वाने त्या वर्षीच्या सलाँमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनात, ‘सार्दानापालसचा मृत्यू’ मांडलं. एकीकडे पायऱ्यांवर शिस्तीत मांडलेले थोर पुरुष, दुसरीकडे लाल बिछाना, घोडा, कत्तल. त्या एका शहरात, त्या एका वर्षी तक्ता जवळपास बरोबर आहे. चूक आहे ती एवढ्याशा भांडणाचा शंभर वर्षांच्या युरोपवर शिक्का मारण्यात.

फरकच नाही असं मी म्हणत नाही. मला तो दिसतो तो दुःखाला कुठे बसवलंय यात. ‘होराशिया’मध्ये दुःख आहे, पण त्याला कोपरा नेमून दिलाय, कमान त्याला कर्तव्यापासून वेगळं ठेवते. झेरिकोच्या ‘मेदुझाचा तराफा’मध्ये (१८१९) असा कोपराच नाही. मेदुझा हे फ्रेंच सरकारी जहाज १८१६मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ रुतलं, सुमारे १४७ माणसं तराफ्यावर सोडली गेली, तेरा दिवसांनी जिवंत सापडली १५. झेरिकोने वाचलेल्यांना गाठून ऐकलं, तराफ्याची प्रतिकृती करून घेतली, प्रेतांचे अवयव समोर ठेवून अभ्यास केला. आणि एवढं करून पावणेपाच बाय सात मीटरहून मोठ्या त्या कॅनव्हासवर काढलं काय? तेरा दिवस उपाशी माणसांची पिळदार, पुतळ्यांसारखी शरीरं. स्नायू सगळे रोमहून आणलेले, मायकेलअँजेलोकडून शिकलेले. वर टोकाला एक जण क्षितिजावरच्या टिंबाएवढ्या जहाजाला कापड हलवून दाखवतोय, आणि खाली डावीकडे एक म्हातारा मेलेल्या पोराचं शरीर मांडीवर धरून बसलाय. सगळ्यांना जहाज दिसलंय. त्याने तिकडे पाठ केलीय.