बायपासनंतर बेडवरच छाती उघडतात ती "बिलासाठी"? त्या फॉरवर्डला उत्तर

चार दिवस झाले, आमच्या सोसायटीच्या ग्रुपपासून भावाच्या निफाडच्या द्राक्षबागायतदारांच्या ग्रुपपर्यंत एकच मेसेज फिरतोय. बायपासनंतर हृदय बंद पडलं की माणूस गेलेलाच असतो, आयसीयूवाले छाती दाबायचं सोडून शॉक देत बसतात, अ‍ॅड्रिनॅलिन (बंद पडलेलं हृदय चालू करायला देतात ते इंजेक्शन) देत नाहीत, नातेवाइकांना बाहेर काढतात आणि बिल वाढवायला बेडवरच छाती उघडतात, असं त्यात लिहिलंय. मी नाशिकमधे नऊ वर्षं हार्ट सर्जरीच्या आयसीयूत सिस्टर आहे, त्यामुळे एकेक मुद्दा घेतेच.

"गेलेलाच असतो" हे साफ चूक. हा पेशंट द्वारका सर्कलला कोसळलेला माणूस नाहीये, त्याला मॉनिटर लावलेला असतो, मनगटाच्या धमनीत सतत प्रेशर दाखवणारी लाईन असते. ईसीजी सरळ झाला की आम्ही आधी त्या लाईनची लाट बघतो, लाट चालू असेल तर नुसती लीड, म्हणजे छातीवरची ईसीजीची वायर निघालीय, लाटही आडवी झाली तर खरा अरेस्ट, म्हणजे हृदय खरंच बंद पडलंय. हे सेकंदांत कळतं. आणि कारण बऱ्याचदा दुरुस्त होण्यासारखं असतं, ठोका बिघडलेला असतो, आत रक्तस्राव असतो, नाहीतर हृदयाभोवती रक्त साचून ते आवळलेलं असतं, म्हणजे टॅम्पोनेड. सगळे वाचत नाहीत, पण बरेच जण घरी जातात, मी स्वतः व्हीलचेअर ढकलत लिफ्टपर्यंत सोडलंय.

आता शॉक. छातीचं हाड नुकतंच कापून स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं, त्याखाली ताजे टाके. दाबल्याने आत इजा होऊ शकते, म्हणून व्ही-फिब असेल, म्हणजे हृदय ठोके न देता नुसतं थरथरत असेल, आणि मिनिटाच्या आत शॉक देता येत असेल तर आधी लागोपाठ तीन शॉक, कारण त्यातच ठोका परत यायचा चान्स सगळ्यात जास्त. ठोकाच नसेल तर पेसिंग, म्हणजे वायरीतून करंट देऊन ठोके पाडायचे. पोटाजवळ चिकटवलेल्या त्या बारीक वायरी बघून नातेवाईक रोज विचारतात ना "सिस्टर, ही वायर कसली", ती यासाठीच, डबी जोडायची आणि करंट फुल करायचा. मिनिटात यातलं काहीच जमलं नाही तर छाती दाबायला सुरुवात, एक क्षण न घालवता. दाबताना डोळे धमनीच्या आकड्यावर, वरचं प्रेशर ६० तरी यायला हवं. चांगलं दाबूनही येत नसेल तर हृदयात भरायला रक्तच नाही, किंवा बाहेरून आवळलंय, मग कितीही दाबा.

म्हणून छाती उघडतात. तीन शॉक आणि पेसिंगने काम झालं नाही तर पाच मिनिटांच्या आत उघडायची, कारण मेंदू रक्ताशिवाय जास्त वेळ तग धरत नाही, आणि उघडल्यावर गुठळी काढता येते, रक्त येतंय तिथे बोट ठेवता येतं, हृदय हातात धरून दाबलं की बाहेरून दाबण्यापेक्षा कितीतरी जास्त रक्त फिरतं. थिएटरला न्यायला वेळच नसतो. आमच्याकडे बेडजवळ सील केलेला छोटा सेट असतो, ब्लेड, वायर कटर, सुई धरायचा होल्डर, हाड फाकवायचा रिट्रॅक्टर, एवढंच, आणि पुतळ्यावर आम्ही ड्रिल करतो, कोण काय करणार ते आधीच ठरलेलं. ऑपरेशननंतर साधारण दहा दिवस हे लागू. हे कुणा डॉक्टरच्या डोक्यातून निघालेलं नाही, युरोपात २००९ला आणि अमेरिकेतल्या हार्ट सर्जनांच्या सोसायटीने २०१७ला हेच लिहून दिलंय.

अ‍ॅड्रिनॅलिनचं कारणही तिथेच आहे. नेहमीचा १ मिलिग्रॅमचा डोस दिला आणि हृदय चालू झालं की प्रेशर एकदम वर उसळतं, ताजे टाके फाटून रक्त जातं. म्हणून सरसकट नाही, लागलंच तर अगदी थोडं थोडं.

नातेवाइकांना बाहेर काढतो, हो, बेडभोवती सहा जण, निर्जंतुक कापड टाकलेलं, जागाच नसते. पण बाहेर येऊन कुणी दोन शब्द सांगत नाही हा राग खरा आहे, आणि तो मला मान्य आहे, एक माणूस त्यांच्याजवळ पाठवायलाच हवा. बिलाची शंका असेल तर आयटमवार बिल मागा, ते द्यावंच लागतं.

मला भीती वेगळीच आहे. हा मेसेज वाचून सिन्नरला कुणाचे बाबा बायपासनंतर चार महिन्यांनी घरात कोसळले आणि पोरगा "छाती दाबायची नसते" म्हणून उभा राहिला तर? घरी ना शॉकचं मशीन आहे ना पेसिंगच्या वायरी. तिथे १०८ला फोन लावा, स्पीकरवर टाका आणि छातीच्या मधोमध जोरात दाबायला लागा, टाके दिसले तरी.