मीठ, तिवर आणि एन्झाइम: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तिवर म्हणजे खाडीकाठचं खारफुटीचं झाड. त्याच्या पानांत राहणाऱ्या बुरशीत कापड रंगाईच्या खारट सांडपाण्यातला रंग तोडणारं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) शोधायला हवं, असं मी लेखात लिहिलं होतं. तो वाचून तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. एन्झाइम बाजारात हवं तेवढं मिळतं. मीठ एन्झाइमच्या कामाआड येत असेल तर सांडपाणी पातळ करावं. आणि बुरशी खारटात जगते म्हणून तिचं एन्झाइम खारटात चालेल, हे गृहीत कसं धरता? तुम्ही स्वतः कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये काम करता, तेव्हा उत्तर नीट द्यायला हवं.

पातळ करण्याचं आधी. सुतावर रिअॅक्टिव्ह रंग चढवायला मीठ लागतं, गडद छटेला लिटरमागे ५० ग्रॅमच्याही वर. समुद्राच्या पाण्यात ते साधारण ३५ ग्रॅम असतं. डोंबिवली काय किंवा आमचा ठाणे-बेलापूर पट्टा काय, एमआयडीसीचं पाणी येतं बारवी धरणातून. ते गोडं पाणी सांडपाण्यात ओतायचं, आणि एवढं करून रंग तेवढाच राहणार, फक्त जास्त पाण्यात पसरलेला. मला हे पटत नाही.

तुमचा तिसरा आक्षेप सगळ्यांत मोलाचा आहे. खारटात जगणारी बुरशी पेशीत ग्लिसरॉल साठवते आणि मीठ बाहेर ठेवते. त्यामुळे तिच्या पेशीच्या आतल्या एन्झाइमांना मिठाची सवय असेलच असं नाही. पण सेल्युलेज, झायलनेज, लॅकेज ही लाकूड-पानं कुजवणारी एन्झाइमं ती बाहेर सोडते, कारण लाकडातले लांबलचक रेणू पेशीत शिरूच शकत नाहीत. बाहेर जे पाणी असेल त्यातच त्यांना काम करावं लागतं. तिवराचं पान दुपारी ऐरोलीच्या खाडीकाठी हातात घेऊन बघा. पानातल्या ग्रंथींनी बाहेर टाकलेलं मीठ बारीक खड्यांसारखं बोटाला लागतं. असं पान चिखलात गळून पडलं की कुजवायला बाहेरून कुणी यायच्या आधी आतली बुरशी हजर असते.

तरी सरसकट दावा मी करत नाही. न्यू कॅलेडोनियाच्या खारफुटीतल्या पेस्टॅलोटिऑप्सिस बुरशीवरचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. वाढीच्या माध्यमात मीठ घातल्यावर तिने सेल्युलेज आणि झायलनेज जास्त सोडलं, पण ऑक्सिडेज गटातली एन्झाइमं कमी. लॅकेज याच गटातलं, आणि रंग तोडायला हवं असतं तेच. शिवाय लॅकेजच्या रेणूतल्या तांब्यापाशी मिठातला क्लोराइड अडकतो आणि काम मंदावतं. म्हणून खारटात टिकणारं लॅकेज शोधणं कठीण आहे आणि म्हणूनच ते शोधायला हवं. बुरशी कमी मिठात वाढवायची आणि एन्झाइम खाऱ्या पाण्यात वापरायचं, हा मार्ग मला जास्त व्यवहार्य वाटतो.

बुरशी पानाच्या आतली की हवेतून येऊन बसलेली, ही शंकाही तुम्ही जाता जाता काढलीत. पान अल्कोहोल आणि हायपोक्लोराइटने धुतल्यावर शेवटचं निर्जंतुक पाणी आम्ही वेगळ्या प्लेटवर पसरतो. त्या प्लेटवर काही उगवलं, म्हणजे पानावर बाहेरून बसलेलं पूर्ण गेलं नाही, तर ती सगळी तुकडी बाद.

एन्झाइम बाजारात मिळतं हे खरं, पण ते आलं कुठून? आज सेल्युलेजसाठी जगभर वापरली जाणारी ट्रायकोडर्मा रीसाय दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड कुजवताना सापडली. तिला कारखान्याजोगी करायला उत्परिवर्तन आणि निवडीची कित्येक वर्षं गेली. तिवरातल्या बुरशीवर तेवढी मेहनत अजून कुणी घेतलेली नाही.

एका गोष्टीत मी तुमच्याच बाजूची आहे. खाऱ्या माध्यमात फर्मेंटर (बुरशी वाढवायची टाकी) चालवला तर क्लोराइड स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडतो, ३०४ हा नेहमीचा प्रकार तर लवकर जातो. हा खर्च हिशेबात धरल्याशिवाय स्वस्त एन्झाइमच्या गप्पा मारू नयेत.

आणि एक विनंती. मालकांची परवानगी मिळाली तर रंगाईनंतरच्या पहिल्या धुलाईचं एक लिटर पाणी पाठवाल का? बाटलीवर पीएच, मिठाचं प्रमाण आणि रंगाचा गट लिहा. त्याच पाण्यात बाजारचं लॅकेज आणि आमचं शेजारी शेजारी लावते. तुम्हीही बघायला या. आमचं हरलं तर तो निकालही इथेच छापेन.