दहापैकी नऊ

परवा रात्री एका अनोळखी गृहस्थाने माझे नऊ गुण रबराने खोडले. माझ्यादेखत. खोडून झाल्यावर वहीवर फुंकर मारली, आणि तो काळपट चुरा माझ्या शर्टावर उडाला. शर्ट इस्त्रीचा होता, हे जाता जाता सांगतो.

मला मिळालेले गुण कुणी खोडले असते तर एवढं लागलं नसतं. शाळेत त्याची सवय झाली आहे. पण हे मी दिलेले गुण होते. जन्मात पहिल्यांदा मी गुण देणाऱ्यांच्या बाजूला उभा होतो, आणि तिथेही माझाच पेपर तपासला गेला.

कॅनडात, मॉन्ट्रियलला उन्हाळ्यात आतषबाजीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा असते, १९८५ पासून. एकेका रात्री एकेका देशाचा संघ येतो, दहा वाजता अर्धा तास संगीताच्या तालावर शोभेची दारू उडवतो आणि जातो. हे होतं सेंट लॉरेन्स नदीतल्या बेटावर, ला रोंद नावाच्या पाळण्या-चक्रांच्या बागेत. 'एक्स्पो ६७' या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली बाग. तिकीट काढून आत बसता येतं, किंवा शेजारच्या झाक-कार्तिए पुलावर फुकट उभं राहता येतं. स्पर्धेच्या रात्री तो पूल गाड्यांना बंद करून माणसांना मोकळा करतात. आम्ही दोघं कुठे गेलो असू, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

लवकर जाऊन कठड्याची जागा धरली. इथे जुलैत पावणेनऊपर्यंत सूर्य हलत नाही, त्यामुळे दहा वाजता अंधार नुकता कुठे कामावर रुजू झालेला असतो. तोवर करायचं काय? शेजाऱ्याकडे बघायचं.

शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ. अंगात नुसत्या खिशांचं जाकीट. गळ्यात सुतळीने बांधलेली पेन्सिल, तिच्या शेंड्याला गुलाबी रबर (तेच ते). काखेत चौकटीची वही. हातात ट्रान्झिस्टर, त्याची एरियल पूर्ण बाहेर काढलेली आणि एरियलच्या टोकाला लाल लोकरीचा वीतभर धागा. धागा सरळ खाली लोंबत होता. सलाईनच्या बाटलीकडे घरची माणसं बघतात तसे ते त्याच्याकडे बघत होते. मी मनातल्या मनात त्यांचं नाव 'मास्तर' ठेवलं.

चूक माझीच. मी विचारलं, "हा धागा कशासाठी?"

मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पहिल्यांदाच आलात, मस्यो?"

इथे थोडं थांबतो. मला या शहरात अकरा वर्षं झाली. कर भरतो, बर्फ उपसतो, बर्फावर आपटतो. तरी जिथे जाईन तिथे 'पहिल्यांदाच?' दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा. मी म्हटलं, "अकरा वर्षं झाली." मास्तर म्हणाले, "म्हणजे आत्ताच." ते पहिल्या वर्षापासून येत होते.

मग धागा कळला. वारा पाहिजे. वारा नसला की पहिल्या पाच मिनिटांचा धूर तिथेच बसून राहतो आणि पुढची पंचवीस मिनिटं माणूस ढगामागची वीज बघतो. वारा पाहिजे, पण आपल्या दिशेला नको, फार नको आणि दमट नको. मुलीसाठी स्थळ बघतानाही आमच्या काकांनी एवढ्या अटी घातल्या नव्हत्या. "आजचा वारा मेलेला आहे," मास्तर म्हणाले, आणि वहीत काहीतरी लिहिलं. खेळ सुरू व्हायला अजून पन्नास मिनिटं होती. आजच्या संघाचा एक गुण तिथेच गेला.

"पण शनिवारी," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "शनिवारी पश्चिमेचा वारा आहे."

हा त्यांचा खरा विषय. मला वाटलं होतं, हा माणूस आज आतषबाजी बघायला आला आहे. छे. आजचा संघ म्हणजे पुढच्या संघाच्या वाटेतला सिग्नल. वहीची मागची पानं उघडून त्यांनी मला उरलेल्या सगळ्या तारखा दाखवल्या. कोण येणार, काय आणणार, मागच्या खेपेला कुठे चुकले. इटली अजून यायची होती. इटलीचं नाव काढताना त्यांनी टोपी काढली नाही एवढंच.

"जपान्यांचा गोळा गोल," मास्तर पेन्सिलीने हवेत काढून दाखवत होते. "फूल उमललं की कुठूनही बघा, गोलच. त्याच्या आत दुसरं फूल, दुसऱ्याच्या आत तिसरं. सगळ्या पाकळ्या एकाच क्षणी रंग बदलतात. इटलीवाल्यांचा गोळा डब्यासारखा. तो एकदा फुटतो, थांबतो, परत फुटतो, परत थांबतो..."

"आणि मग?"

"आणि मग ठोका." त्यांनी तळहात छातीवर ठेवला. "इथे. कानाने नाही, इथे ऐकायचा. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला गेलाय कधी? मार्च महिन्यात? तिथे भर दुपारी दोन वाजता उडवतात. लख्ख उन्हात. दिसत काही नाही. नुसत्या आवाजासाठी."

आता मी काही अगदीच कोरा नव्हतो. आमच्याही अंगात दिवाळी आहे. लवंगीची माळ सोडवून, एकेक वेगळी करून चार दिवस पुरवलेली माणसं आम्ही. मी सांगितलं, की आमच्याकडे सुतळी बॉम्ब असतो, उदबत्तीने वात पेटवायची आणि पळायचं.

मास्तरांना प्रथमच माझ्यात रस वाटला. "किती इंची?"

सुतळी बॉम्ब किती इंची असतो हे मला या वयात, परदेशी पुलावर, पोटात काही नसताना कुणी विचारील असं वाटलं नव्हतं. मी बोटांनी दाखवलं. त्यांनी ते माप डोळ्यांनी मोजलं आणि दयेने हसले. "तीन इंची गोळा साधारण तीनशे फूट चढतो. इंचाला शंभर फूट, असा हिशेब धरायचा. तुमचा किती चढतो?"

"चढत नाही. डबा उलटा ठेवला वर तर डबा चढतो."

हे त्यांनी वहीत लिहिलं नाही.

बायको एवढा वेळ नदीकडे बघत शेंगदाणे खात होती. तिला मास्तरांनी काहीही सांगितलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग निळा. खेळाला दहा मिनिटं उरली असताना मास्तरांनी मला निळ्या रंगावर घेतलं. लाल कुणालाही जमतो, स्ट्रॉन्शियम घातलं की झालं. हिरवा बेरियमचा. पिवळ्यात सोडियम, तो तर न बोलावता येतो. पण निळा तांब्याचा, आणि तांब्याचा स्वभाव हट्टी. ज्योत जास्त तापली की निळा देणारं संयुग मोडतं आणि रंग विटतो. कमी तापली की अंधारात काही दिसतच नाही. मधल्या चिंचोळ्या पट्टीत ज्याला उभं राहता आलं तो खरा कारागीर. "मी दुसरं काही बघत नाही," मास्तर म्हणाले. "निळा बघतो." माझी आजी नव्या सुनेची पारख साध्या वरणावरून करायची. मास्तरांचं मला त्या क्षणी कौतुक वाटलं, हे कबूल करतो. तो क्षण टिकला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण शेजारी एक पोरगा येऊन टेकला आणि त्याने मोबाईलवर मास्तरांच्या ट्रान्झिस्टरवरचंच संगीत लावलं, खेळाचं. आतषबाजी बघणाऱ्यांसाठी ते रेडिओवरही ऐकवतात. रेडिओ वेळेवर, मोबाईलवर इंटरनेटमधून येणारं तेच संगीत वीसेक सेकंद मागे. म्हणजे उजव्या कानात सनई-चौघडा आणि डाव्या कानात त्याच लग्नाची वरात अजून पारावर. त्यात आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, म्हणजे धडाम आणखी तिसऱ्याच वेळी. मास्तरांनी पोराला बंद करायला सांगितलं. पोराने "हो" म्हणून आवाज वाढवला. मास्तर फ्रेंचमध्ये जे बोलले ते मला कळलं नाही. माझं फ्रेंच भाजीबाजारापुरतं आहे, दारूगोळ्याचं फ्रेंच आमच्या वर्गात शिकवलं नव्हतं. पण त्यात देवळातल्या वस्तूंचा उल्लेख होता. इथले लोक शिव्या देताना चर्चचं सामान काढतात, ती एक वेगळीच गंमत आहे, पुन्हा कधीतरी.

दहा वाजले. पूल गप्प झाला. आणि मग काय सांगू.

म्हणजे सांगता येण्यासारखं खूप होतं, पण मला बघू कुठे दिलं? नदीतून सोनेरी झाडं उगवली, वाळली, त्यांच्या फांद्या विझत विझत पाण्यापर्यंत आल्या. मी "आहा" म्हणायला तोंड उघडलं की कोपरावर पेन्सिल. "विलो. बरी आहे. उशिरा फुटली." मी तोंड मिटलं. मग आकाशात तीन बदाम निघाले, लाल. एक सरळ, एक आडवा, एक तर चक्क उलटा. मी मोठ्याने हसलो, लहान पोरं ओरडली. मास्तर आकाशाकडे पाठ करून उभे राहिले. गोळा वर जाताना कोलांट्या खातो, त्यामुळे बदाम कोणत्या अंगावर फुटेल याचा नेम नसतो, म्हणून एकदम तीन-चार सोडतात, एखादा तरी सरळ दिसावा. हे मला पाठमोऱ्यांनी सांगितलं.

आणि धूर. मास्तरांचा धागा खरा निघाला, तेही एक दुःखच. पण धुरातसुद्धा त्या ढगाला आतून रंग चढत होता, आधी जांभळा, मग केशरी, आणि मला ते नुसत्या फुलांपेक्षा जास्त आवडलं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. पुढचा माणूस सगळं मोबाईलमध्ये धरत होता. त्याच्या पडद्यावर आतषबाजी टिकलीएवढी दिसत होती आणि तो तेवढीच बघत होता. त्याच्याबद्दल मात्र मास्तर आणि मी एकमेकांकडे बघून मान हलवली. त्या रात्रीचं आमचं एकमेव एकमत.

मग एकदम सगळं पेटलं. डोळे दिपले, छातीत धडधडलं, आणि अंधार. मी टाळ्या वाजवल्या. कडकडून. एकट्याने.

मैफलीत समेच्या अलीकडे 'वाहवा' निसटलेल्या माणसाची जी अवस्था होते, ती. शेवट नव्हता तो. शेवटासारखा शेवट असतो, मुद्दाम ठेवलेला, माझ्यासारख्यांसाठी. त्या चार सेकंदांच्या शांततेत पुलावर फक्त माझे दोन हात वाजत होते. मास्तर हळूच म्हणाले, "अजून तीन मिनिटं आहेत, मस्यो." मी हात खिशात घातले आणि खरा शेवट झाला तेव्हा रागाने वाजवल्याच नाहीत. सगळा पूल टाळ्या वाजवत होता.

मग वही उघडली. मास्तर आजूबाजूच्यांकडून गुण गोळा करतात आणि सरासरी काढतात. खरी ज्यूरी सामान्य प्रेक्षकांतूनच निवडतात. मास्तर म्हणाले, त्यांनी पुष्कळदा अर्ज केला, नंबर लागला नाही. म्हणून ही घरची ज्यूरी. त्यांनी आधी बायकोला विचारलं.

"सात," बायको म्हणाली, पिशवी आवरता आवरता.

मास्तर डोळे बारीक करून म्हणाले, "निळ्यामुळे?"

"हो," बायको म्हणाली. "निळा विटका होता."

शपथेवर सांगतो, तिने निळ्याचा 'नि' ऐकला नव्हता. मास्तरांनी मान लववली आणि सात हा आकडा असा लिहिला की छापखान्यात टाकावा.

"तुम्ही?"

"नऊ."

"नऊ." त्यांनी लिहिलं. बघत राहिले. "मग शनिवारी काय द्याल? पश्चिमेचा वारा आहे. आणि इटली आली तर? दहावर चार देणार?"

मी म्हटलं, "शनिवारचं शनिवारी. मला आज मजा आली."

"मजा," मास्तर म्हणाले, जसं काही मी खिशातून मेलेला उंदीर काढून दाखवला. "सरासरी बिघडते हो." आणि पेन्सिल उलटी केली. नवाचा सहा झाला. फुंकर. शर्ट.

त्या रात्रीचा संघ कोणत्या देशाचा ते मी सांगत नाही. बिचाऱ्यांना माझ्याकडून सहा मिळालेत, आणखी बदनामी कशाला.

इथे विजेत्यांना ज्युपिटर नावाचा मान देतात: सुवर्ण, रौप्य आणि कांस्य. ज्युपिटर म्हणजे आपला गुरू. लोक समुद्र ओलांडून, कंटेनर भरून दारू आणून, महिनोन्महिने खपून एक गुरू मिळवतात. मला पुलावर फुकट मिळाला, पेन्सिलीचा.

परतताना पापिनो मेट्रो स्टेशनात सगळा पूल एकदम उतरला. जिन्यावर अर्धा तास. तेवढ्यात मोबाईल वाजला, दुपारी मागवलेल्या चार्जरला किती तारे द्याल? टॅक्सीतून उतरलं की तारे, विमानतळावर हात धुतले की हसऱ्या तोंडाचं बटण दाबा. दिवसभर माझं मत मागतात. लाडीगोडीने मागतात. आणि एकदा, फक्त एकदा, मी मनापासून नऊ दिले, तर ते खोडले. उद्या त्या वहीतल्या सरासरीत 'पाहा, भारतीय माणसानेही सहाच दिले' असा पुरावा निघेल. मी विरोध का केला नाही, हे बायकोने मेट्रोत दोनदा विचारलं. म्हातारा माणूस होता, म्हटलं. खरं कारण, मला तोवर शंका यायला लागली होती की निळा खरंच विटका होता.

शनिवारी आम्ही परत चाललो आहोत. पश्चिमेचा वारा आहे, मी सकाळपासून तीनदा पाहिलं. मास्तर त्याच खांबापाशी असणार. त्यांनी पेन्सिल पुढे करायच्या आत मी माझा आकडा माझ्या हाताने, पेनाने लिहिणार आहे. म्हणून आत्ता ड्रॉवर उपसून बसलो आहे. पाच बॉलपेनं निघाली. चार चालत नाहीत. पाचवं चालतं, पण ते निळं आहे, आणि कागदावर ओढून बघितलं तर तेही जरा विटकंच आहे.