मोरँट ‘सुटला’ म्हणजे नेमके काय झाले?

अमेरिकेतील बास्केटबॉलपटू जा मोरँट याच्याविषयी एक दावा समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. इंटरनेटने डोक्यावर घेतलेल्या या मुलाने इन्स्टाग्राम लाइव्हवर बंदूक मिरवली, तरी पोलिसांनी आरोप ठेवला नाही, मारहाणीच्या दाव्यात न्यायालयाने त्याची बाजू घेतली आणि नायकीने त्याच्याशी असलेला करारही मोडला नाही; म्हणजे फॉलोअर आणि बड्या कंपन्या पाठीशी असल्या की कायदा वाकतो आणि खिशालाही झळ लागत नाही, असे त्याचे सार. यातील बहुतेक घटना खऱ्या आहेत, म्हणूनच तो चटकन पटतो. गफलत आहे ती निष्कर्षात.

इंटरनेटने त्याला घडवले, हे तर घटना म्हणूनही खरे नाही. शाळकरी वयात ज्याच्या डंकच्या (उंच उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये घालण्याच्या) चित्रफिती सर्वदूर पाहिल्या गेल्या तो झायन विल्यमसन. साउथ कॅरोलायनातील त्याच संघात खेळणाऱ्या मोरँटकडे तेव्हा मोठ्या विद्यापीठांचे फारसे लक्षही नव्हते. तो मरे स्टेट या लहानशा विद्यापीठात गेला, २०१८-१९ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी २४.५ गुण आणि १० असिस्ट (सहकाऱ्याच्या गुणाला कारणीभूत ठरणारे पास) अशी कामगिरी करून दाखवली, आणि मग एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, मेम्फिस ग्रिझलीज या संघाने त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडले. प्रसिद्धी आली ती या खेळामागोमाग.

आता कायद्याकडे वळू. ४ मार्च २०२३ च्या पहाटे डेन्व्हरजवळच्या ग्लेनडेलमधील एका नाइटक्लबमधून मोरँटने ते थेट प्रक्षेपण केले. पोलिसांच्या तपासात त्या रात्रीची एकही तक्रार आढळली नाही, कुणाला धमकावल्याचे दिसले नाही आणि बंदूकही हाती लागली नाही. कोलोरॅडोत बंदूक हातात असणे एवढ्यानेच गुन्हा होत नाही. दारूच्या अमलाखाली ती बाळगणे हा गुन्हा आहे, पण काही क्षणांच्या चित्रफितीवरून तो सिद्ध करणे कठीण, मग समोर अब्जाधीश असो वा हमाल. कायदा नावाला पाहून वाकतो असे ज्यांना वाटते त्यांनी गिल्बर्ट एरिनासचे प्रकरण आठवावे. वॉशिंग्टनच्या या मोठ्या खेळाडूने २००९ च्या डिसेंबरात संघाच्या लॉकर रूममध्ये बंदुका आणल्या. तेथील कायदा कडक होता आणि पुरावा हाताशी होता, त्यामुळे त्याला गुन्हा कबूल करावा लागला, उर्वरित हंगाम बाहेर बसावे लागले आणि आदिदासनेही त्याच्याशी करार तोडला.

मारहाणीचा दावा जुलै २०२२ मधील आहे. मोरँटच्या घरी खेळताना एका किशोरवयीन मुलाने फेकलेला चेंडू त्याच्या चेहऱ्याला लागला आणि मोरँटने त्याला ठोसा मारला. सरकारी वकिलांनी फौजदारी आरोप ठेवले नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये न्यायाधीशांनी म्हटले ते इतकेच, की टेनेसीच्या स्वसंरक्षणविषयक कायद्यानुसार मोरँटला दिवाणी दायित्वापासून संरक्षण असल्याचे गृहीत धरले जाईल. ते गृहीतक खोडण्याची वाट दावेदारासाठी खुली होती. हे संरक्षण त्या राज्यात कोणालाही मागता येते. माझ्या मते वाद घालायचाच असेल तर तो या कायद्याच्या व्याप्तीवर घालावा.

‘खिशाला झळ नाही’ हे विधान मात्र सरळसरळ चुकीचे आहे. गुन्हा सिद्ध होण्याची वाट न पाहता एनबीएने आधी आठ सामन्यांची बिनपगारी बंदी घातली आणि मे महिन्यात बंदुकीसह दुसरी चित्रफीत आल्यावर आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी २५ सामन्यांची. या दुसऱ्या बंदीतच सुमारे ७५ लाख डॉलर वेतन बुडाले. त्याच्या पाच वर्षांच्या करारात २०२२-२३ च्या ‘ऑल-एनबीए’ (हंगामातील सर्वोत्तम खेळाडूंच्या) यादीतील निवडीवर आणखी सुमारे ३.९ कोटी डॉलर अवलंबून होते, आणि नेमक्या त्याच हंगामात तो त्या यादीत आला नाही. त्याच्याविना संघाने पुढच्या हंगामातील पहिल्या २५ सामन्यांपैकी १९ गमावले.

जाहिरातदारांचे वागणेही एकसारखे नव्हते. पॉवरेड या पेयाच्या कंपनीने त्याच्याशी करार नुकताच जाहीर केला होता. पहिल्या चित्रफितीनंतर त्यांनी त्याची जाहिरात मागे घेतली. नायकीने साथ सोडली नाही हे खरे, तरी मे महिन्यात त्याच्या नावाचे ‘जा १’ हे बूट कंपनीच्या संकेतस्थळावरून काही काळ दिसेनासे झाले होते. (कंपनीने आपल्या नव्याकोऱ्या बुटांचा हिशेब पाहिला, यात नवल कसले?)

दाव्यात एक गोष्ट असती तर मी ती मान्य केली असती: या शिक्षांनी मोरँट पुरता सुधारला असे म्हणता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये मैदानावर बोटांनी बंदुकीची खूण केल्याबद्दल लीगने त्याला ताकीद दिली, त्याने लगेच पुढच्या सामन्यात तसेच हावभाव केले आणि ७५ हजार डॉलरचा दंड ओढवून घेतला.