खुलासा : धरणाचे जास्त पाणी म्हणजे जास्त ट्राउट नव्हेत

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरण आहे. त्यातून जितके जास्त पाणी सोडावे तितके खालच्या लीज फेरी भागात ट्राउट मासे वाढतात, असा दावा सध्या फिरत आहे. तो अर्धवट असल्यामुळे हा खुलासा करणे मला आवश्यक वाटते.

दाव्याला आधार मिळतो तो मार्च २००८ मधील प्रयोगाचा. तेव्हा सुमारे ४१ हजार क्यूसेक वेगाने अडीच दिवस पाणी सोडण्यात आले आणि त्यानंतर जन्मलेली इंद्रधनुषी ट्राउटची पिल्ले अधिक प्रमाणात जगली. मात्र त्यामागे केवळ पाण्याचे प्रमाण नव्हते. पुराने तळातील गाळ धुऊन निघाला, पिल्लांना लपण्याच्या जागा मोकळ्या झाल्या आणि त्यांचे आवडते खाद्य असलेल्या बारीक माश्यांच्या अळ्या वाढल्या.

याउलट, २०११ मध्ये महिनोन्‌महिने मोठा विसर्ग झाल्यावर पिल्लांची संख्या प्रचंड वाढली, परंतु अन्न तेवढे वाढले नाही. पुढे मासे रोडावले आणि संख्याही घसरली.

विजेच्या मागणीनुसार रोज पाणी चढवणे-उतरवणे हाही कळीचा मुद्दा आहे, कारण अनेक कीटक काठाच्या ओलीत अंडी घालतात आणि पातळी उतरताच ती सुकून जातात. म्हणूनच २०१८ च्या उन्हाळ्यात शनिवार-रविवारी विसर्ग कमी आणि स्थिर ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला.