उणे दोन, अधिक दोन

एका रविवारी दुपारी झोप येईना, म्हणून मी विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशावरच्या एका नदीच्या लेखातली दोन टिंबं काढली. ‘कि.मी.’ होतं, ‘किमी’ केलं. लेखातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या इतिहासाच्या पानावर माझ्या नावापुढे लाल अक्षरांत उणे दोन उमटलं, म्हणजे लेख दोन बाइटांनी घटला. देवनागरीत साधा अनुस्वार पुसला तरी तीन बाइट जातात. त्या मानानं हा बदल म्हणजे कपड्यावरचा दोरा झटकणं.

सोमवारी सकाळी बघतो तर हिरव्या रंगात अधिक दोन: कुणीतरी टिंबं परत घातलेली. बदलाच्या सारांशात लिहिलेलं: ‘अकारण बदल’.

त्यातलं ‘अकारण’ मला झोंबलं. कारण होतं! एककांची आंतरराष्ट्रीय पद्धत सांगते की एककाचं चिन्ह हा संक्षेप नव्हे, त्यापुढे टिंब देऊ नये. तसं लिहून टिंबं पुन्हा काढली. तासाभरात उत्तर आलं: चिन्ह म्हणाल तर ते रोमनमधलं, ‘कि.मी.’ हा मराठी संक्षेप, आणि मराठीत संक्षेपापुढे पूर्णविराम देतात. खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड होता. राग त्याचाच आला.

संध्याकाळपर्यंत मी तीनदा टिंबं उडवली. तीनदाच, कारण चोवीस तासांत चौथ्यांदा दुसऱ्याचं संपादन उलटवलं की बंदी येऊ शकते, हे मला तोंडपाठ. गजर लावला आणि चोवीस तास उलटल्यावर पाच मिनिटांनी पुढचा हात मारला. लगेच प्रचालकांचा, म्हणजे तिथली व्यवस्था बघणाऱ्यांचा, निरोप: ‘घड्याळ लावून केलेलं युद्धही युद्धच असतं. कृपया चर्चा पानावर या.’

चर्चा पानावर सभ्यतेला ऊत येतो. ‘सद्भाव गृहीत धरा’ हा तिथला पहिला धडा. त्यामुळे ‘तुम्हाला काही कळतं का?’ असं विचारता येत नाही; ‘आपले योगदान मोलाचे आहेच, तथापि’ असं लिहावं लागतं. त्या ‘तथापि’त किती शिव्या मावतात, हे तिथे वावरलेल्यांनाच ठाऊक. मी धोरणपानांचे दुवे डकवले. पलीकडून मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे लेखननियम आले, मागोमाग १९७२ची भर आली. सगळं अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ; आमच्या टिंबांची दखल कुणीच घेतली नव्हती. सरळ हात वर करून मोजू या म्हटलं, तर ‘इथे मतदान नसतं, सहमती असते’ असं ऐकवण्यात आलं. सहमती म्हणजे काय, तर ज्याला आधी झोप येईल तो हरला.

दोन बाइटांपायी चर्चा पान साठ हजार बाइटांवर गेलं. थोडी लाज वाटली. पण इंग्रजी विकिपीडियानं धीर दिला. तिथे ‘योगर्ट’च्या स्पेलिंगात एच असावा की नसावा, हे २०११ साली ठरलं; वाद आठेक वर्षं चालला होता. आमचा तर जेमतेम आठवा दिवस.

मग तिसरं मत मागवलं. एक भला सदस्य आला आणि म्हणाला, ‘किलोमीटर असं पूर्णच लिहा की.’ आम्ही दोघं प्रथमच एकमतानं त्याच्या अंगावर धावून गेलो. तो पुन्हा फिरकला नाही.

शेवटी प्रचालकांनी शैलीचा जुना नियम काढला: दोन्ही रूपं चालत असतील, तर लेख ज्यानं सुरू केला त्याचं रूप ठेवावं. मी हुरूपानं इतिहास चाळत मागे मागे गेलो आणि थेट पहिल्या आवृत्तीशी थांबलो. साल २०१४. लेख सुरू करणारा मीच. लांबीपुढे ‘कि.मी.’, दोन्ही टिंबांसकट.

म्हणजे आठ दिवस समोरची व्यक्ती माझीच टिंबं माझ्या तावडीतून सोडवत होती.

निमूटपणे ती परत घातली. अधिक दोन. मिनिटभरात सूचना आली की त्यांनी माझे आभार मानले आहेत. मलाही बरं वाटलं. इतक्यात इतिहासात नवी ओळ दिसली, त्यांचीच. आकडा आणि ‘कि.मी.’ यांच्यामधली मोकळी जागा काढली होती. उणे एक.

आता आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे तिथे जागा हवी म्हणजे हवीच.