सेरामपूर कॉलेज इंग्रज सरकारने काढलेले नाही

धर्मांतरासाठी इंग्रज सरकारने सेरामपूर कॉलेज काढले आणि तिथे फक्त पाद्री घडवले जात, असा मजकूर सध्या फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, म्हणून हा खुलासा.

बंगालमधले हुगळी नदीकाठचे सेरामपूर, म्हणजे श्रीरामपूर, 1845 पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून तर इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी 1800 मध्ये डॅनिश वसाहतीत राहायला गेले. कॉलेज 1818 मध्ये कॅरी आणि त्यांचे सहकारी मिशनरी मार्शमन व वॉर्ड यांनी स्थापले. पदव्या देण्याची सनद 1827 मध्ये दिली ती डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने. जे सरकार पाद्र्यांना दारात उभे करत नव्हते, त्याच्याच नावावर हे श्रेय टाकणे अन्यायाचे आहे.

कॉलेजचे दार सर्व जातिधर्मांना उघडे होते. सुरुवातीच्या 37 विद्यार्थ्यांपैकी 19 ख्रिस्ती होते. धर्मशास्त्राच्या जोडीला संस्कृत आणि विज्ञानही शिकवले जाई. धर्मशास्त्राची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) पदवी तर तिथे पहिल्यांदा 1915 मध्ये दिली गेली.

आपल्यासाठी यात जिव्हाळ्याची गोष्ट आहे. कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात, म्हणजे कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या कॉलेजात, मराठी शिकवत. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने त्यांनी मराठीचे व्याकरण 1805 मध्ये आणि मोडी लिपीतला मराठी-इंग्रजी कोश 1810 मध्ये छापला. वैजनाथपंतांचे नाव मात्र आपणच विसरलो, याची खंत वाटते.